पदवी कुणाला दाखवायची आहे?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : मी ३४ वर्षांची आहे. एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत ९ वर्षं रिपोर्टिंग आणि डेटा-विश्लेषणाचं काम करते. शिक्षण संख्याशास्त्रातली पदवी. माझ्यानंतर लागलेले दोघं गेल्या दोन वर्षांत टीम लीड झाले. दोघांकडेही मास्टर्स आहे. साहेब म्हणाले, ‘मास्टर्स करून टाका, उपयोग होईल.’ डेटा सायन्सचा दोन वर्षांचा अर्धवेळ ऑनलाइन अभ्यासक्रम मी निवडला आहे. कंपनी अर्धी फी भरेल, पण शिक्षण संपल्यावर ३ वर्षं नोकरी सोडायची नाही असा करार करावा लागेल. मुलगी ४ वर्षांची आहे, नवऱ्याचा पाठिंबा आहे. ती झोपल्यावर रोज दोन तास अभ्यास जमेल असं वाटतं. अर्जाची मुदत तीन आठवड्यांत संपते. आता केलं नाही तर कधीच होणार नाही, हे सारखं मनात येतं. करू का?

उत्तर :

‘उपयोग होईल’ या साहेबांच्या दोन शब्दांवर तुम्ही दोन वर्षांचा हिशोब बांधला आहे. त्यामुळे आधी त्या दोन शब्दांकडेच वळू या. उपयोग कशासाठी, कुणाला, कधी, यातलं काहीच त्यांनी सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारलेलं दिसत नाही. हे विचारायला अवघड वाटतं, कारण उत्तर मनाला लागेल अशी भीती असते. पण फी भरण्यापूर्वी ते लागलेलं बरं.

साहेबांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा आणि पदवीचा विषय लगेच काढू नका. पहिला प्रश्न असा ठेवा : ‘मागच्या दोन्ही वेळी टीम लीड ठरवताना माझ्यात काय कमी पडलं?’ विचारलंत की थांबा, त्यांना बोलू द्या. एखाद्याला बढती का दिली नाही याचं खरं कारण सांगणं वरिष्ठांना जड जातं. ‘बैठकीत तुम्ही स्वतःहून मत मांडत नाही’, ‘तुमचे रिपोर्ट अचूक असतात, पण त्यावरून निर्णय काय घ्यायचा ते आम्हालाच ठरवावं लागतं’, ‘तुम्ही हे काम सोडलंत तर ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही’, असलं काही मनात असतं आणि तोंडातून निघतं ते ‘मास्टर्स करा’. पदवीचं नाव घेतलं की कुणी दुखावत नाही. दुसरा प्रश्न : ‘या पदासाठी मास्टर्स ही लेखी अट आहे का, आणि ती नसताना कुणाला हे पद मिळालंय का?’ तिसरा : ‘मी मास्टर्स पूर्ण केलं तर कोणत्या पदासाठी, साधारण कधी, माझा विचार होईल?’ दुसरा प्रश्न मनुष्यबळ विभागालाही स्वतंत्रपणे विचारा. दोन्हीकडून वेगळी उत्तरं आली, तर ती अट नसून कुणाची तरी पसंती आहे असं धरून चाला.

ही चौकशी इतकी महत्त्वाची का? काही क्षेत्रांत पात्रता हीच किल्ली असते. वैद्यक, परिचर्या, वकिली, लेखापरीक्षण, इमारतींच्या आराखड्यांवर सही करण्याचा अधिकार अशा ठिकाणी प्रमाणपत्राशिवाय कायद्यानेच काम करता येत नाही. तिथे ‘करू का?’ हा प्रश्न उरत नाही, फक्त ‘कधी आणि कुठून?’ एवढंच ठरवायचं असतं. डेटाच्या कामाला असा परवाना लागत नाही. तुमचं दार नियमाने बंद नाही. ते खरोखर बंद आहे का, की ढकलून बघायचं राहिलंय, हे आधी तपासायचं आहे.

आता त्या दोन सहकाऱ्यांविषयी. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण दुखावलेलं मन आकडेमोड विसरतं आणि त्यात तुमचा काही दोष नाही. दोन नोंदींवरून मास्टर्समुळे बढती मिळाली असा निष्कर्ष तुम्ही ऑफिसच्या रिपोर्टमध्ये कधी लिहिला नसता. त्या दोघांनी आणखी काय वेगळं केलं? कुणी नवा डॅशबोर्ड उभा केला, कुणी उत्पादन विभागाच्या लोकांबरोबर बसून त्यांचं दुखणं सोडवलं, कुणी नव्या मुलांना शिकवलं? त्यांना मास्टर्स इथे लागण्याआधीच मिळालं होतं का? तसं असेल तर त्याचा परिणाम त्यांच्या नेमणुकीत आणि सुरुवातीच्या पगारात आधीच उतरला होता. बढतीचं कारण मग दुसरीकडे शोधावं लागेल.

नमुना मोठा करायला एक संध्याकाळ पुरते. तुम्हाला पाच वर्षांनी ज्या पदावर असायचं आहे, त्या पदाच्या ३० जाहिराती गोळा करा. स्वतःच्या कंपनीच्या नकोत, बाहेरच्या. एका तक्त्यात प्रत्येकीसमोर लिहा : मास्टर्स सक्तीचं आहे, असल्यास उत्तम आहे, की उल्लेखच नाही. ‘किंवा तितकाच अनुभव’ अशी सवलत आहे का तेही नोंदवा, कारण ती ओळ वाचताना हमखास नजरेतून सुटते. शेजारी मागितलेली साधनं आणि कौशल्यं उतरवा. ३० पैकी २० ठिकाणी मास्टर्स सक्तीचं निघालं तर तुमची शंका रास्त होती. ५ ठिकाणीच निघालं आणि २२ ठिकाणी पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि प्रयोगांची आखणी मागितलेली दिसली, तर तुमच्यात आणि त्या पदात असलेलं अंतर पदवीचं नाही, कौशल्याचं आहे. कौशल्य मिळवायला दोन वर्षं लागतीलच असं नाही.

आणखी एक बाब आहे, आणि तुमच्या बाबतीत मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार असा की, नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हा विचार तुमच्या परिस्थितीला लावून पाहा. खुणेची गरज अनोळखी माणसाला असते. तुमच्या कंपनीने तुमचं काम ९ वर्षं रोज पाहिलं आहे. तुमच्याबद्दल पदवीपेक्षा कितीतरी जास्त माहिती तिच्यापाशी आहे. म्हणजे या मास्टर्सची किंमत आतल्यापेक्षा बाहेर जास्त. आणि कंपनी अर्धी फी देऊन मागते काय, तर शिक्षण संपल्यावरची ३ वर्षं. पदवी ताजी असते, तुम्ही नोकऱ्या बदलून तिचं मोल वसूल करू शकता, नेमकी तीच वर्षं. अर्धी फी ही देणगी नव्हे, त्या ३ वर्षांचा मोबदला आहे. तो पुरेसा आहे का, ते तुम्ही ठरवायचं. बढतीचं ठोस आश्वासन सोबत असेल तर असेलही. नुसतं ‘उपयोग होईल’ एवढंच असेल तर माझ्या मते नाही.

पैशांचा हिशोब पगाराच्या पटीत करा, सोपा जातो. फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं, लागला तर नवा लॅपटॉप, बिनपगारी रजा आणि मुलीला सांभाळायला कुणी ठेवावं लागलं तर तो खर्च, सगळं एकत्र करा. समजा हे सहा महिन्यांच्या पगाराइतकं झालं आणि पदवीनंतर पगारवाढ १२ टक्के मिळाली. ६ भागिले ०.१२, म्हणजे ५० महिने. चार वर्षांहून जास्त, तेही पदवी हातात पडल्यापासून मोजायचे. कंपनीने खर्चाचा अर्धा भाग उचलला तर २५ महिने. पण करारात अडकलेल्या माणसाला १२ टक्के वाढ द्यायची घाई कंपनीला का असेल? म्हणूनच वाढीचा आकडा आधी विचारून घ्यायचा. तो अंदाजाने धरू नका.

तरीही हे अभ्यासक्रम बहुतेकांचे पैशांवाचून अडत नाहीत, तासांवाचून अडतात. तुमचा अंदाज रोज दोन तासांचा. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १०, आणि दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत एकही खंड न पडता १,०४० तास. आता अभ्यासक्रम काय मागतो ते पाहा. ब्रिटिश पद्धतीत मास्टर्सचे १८० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम, एकूण १,८०० तास. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं, म्हणजे ९० क्रेडिटच्या मास्टर्सला २,२५० ते २,७०० तास. अमेरिकी पद्धतीत क्रेडिटमागे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास धरतात. सत्र साधारण १५ आठवड्यांचं, म्हणून एक क्रेडिट ४५ तासांचं. ३० क्रेडिटला १,३५० तास झाले. शिवाय हे काम वर्षभर सारखं पसरलेलं नसतं. दोन वर्षांत चारच सत्रं असतील तर ते ६० आठवड्यांत कोंबलेलं असतं, म्हणजे १,३५० तासांसाठीही आठवड्याला २२ तासांच्या वर. तुमच्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रात क्रेडिट आणि अपेक्षित तास दिलेले असतील. हा भागाकार आज रात्रीच करून पाहा.

आकडा १० च्या दुपटीने आला म्हणून घाबरू नका. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांत करायची मुभा पुष्कळ ठिकाणी असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा ऑनलाइन मास्टर्स २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात १० कोर्स आहेत आणि नोकरी करणारे बरेच जण एका सत्रात एकच घेतात. तुमच्या संस्थेला लेखी विचारा : कमीत कमी किती विषय घेऊन नोंदणी टिकते? मध्येच एखादं सत्र थांबता येतं का, आणि त्याचे पैसे लागतात का? मिळवलेले क्रेडिट किती वर्षं ग्राह्य राहतात? मधूनच बाहेर पडले तर हातात काय मिळतं? ब्रिटिश रचनेत साधारणपणे ६० क्रेडिटवर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० वर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अशी सोय असलेला अभ्यासक्रम नोकरदाराला नेहमी जास्त सुरक्षित. अर्ध्यावर सुटला तरी झालेली मेहनत कागदावर राहते.

रात्रीच्या दोन तासांबद्दलही बोलायला हवं. दिवसभर आकड्यांत डोकं घालून, मग मुलीला झोपवून बसलात की व्याख्यानाचा व्हिडिओ डोळ्यांपुढून जातो आणि गणित सुटत नाही. ऐकण्याचं, वाचण्याचं हलकं काम रात्री जमतं. सिद्धता, कोडिंग आणि असाइनमेंट यांना ताजं डोकं लागतं. नोकरी करून शिकताना टिकते ती साधारण अशी आखणी : आठवड्यात दोन सकाळी कामाआधी दीड-दीड तास, सुट्टीच्या एका दिवशी सलग चार तास घराबाहेर, आणि उरलेलं रात्री. त्या सलग चार तासांवर बाकी सगळं उभं असतं. ते सलग दोन आठवडे बुडाले की माणूस मागे पडू लागतो.

नवऱ्याचा पाठिंबा आहे हे उत्तम. पण पाठिंब्याला घड्याळाचे काटे लावून घ्या. त्या चार तासांत मुलगी कुणाकडे? ती आजारी पडली आणि त्याच दिवशी परीक्षा असली तर रजा कोण घेणार? सकाळचा डबा आणि आवराआवर आठवड्यातून दोनदा पूर्णपणे कुणाची? हे कागदावर लिहून दोघांच्या डोळ्यांसमोर लावा. प्रेमाची माणसंसुद्धा ‘मदत करीन’ आणि ‘मंगळवारी मीच करीन’ यांत फरक करतात, आणि अभ्यास चालतो तो दुसऱ्या वाक्यावर.

हे अभ्यासक्रम अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. पहिली जागा सत्राच्या सहाव्या ते नवव्या आठवड्याची. तोवर उत्साहाचा पहिला भर ओसरलेला असतो आणि पहिल्या मोठ्या असाइनमेंट एकदम येतात. तुमच्या कामात महिनाअखेरीचे आणि तिमाहीअखेरीचे रिपोर्ट असणारच. संस्थेचं वेळापत्रक मागवा आणि ऑफिसच्या कॅलेंडरशेजारी ठेवून परीक्षा, असाइनमेंट आणि तिमाहीअखेर कुठे एकमेकांवर येतात ते पाहा. वर्षातून दोनदा आले तर रजा राखून ठेवून निभेल. चारही वेळा आले तर तो अभ्यासक्रम चांगला असूनही तुमच्यासाठी नाही.

दुसरी जागा गणिताची. पदवीला १२-१३ वर्षं झाली असतील. रेषीय बीजगणित, संभाव्यता, कलनशास्त्र यांवर गंज चढला असणार, आणि मशीन लर्निंगचा पहिलाच विषय हे सगळं येतं असं धरून सुरू होतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर या विषयांचे धडे, सराव आणि उत्तरं फुकट आहेत. नुसतं वाचू नका, पुस्तक मिटून सोडवा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत दिसलं की पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. ज्याच्याकडे तास कमी, त्याला हा फरक फार मोठा.

तिसरी जागा प्रबंधाची. वर्ग संपतात, ठरावीक तारखा संपतात आणि मोकळं मैदान समोर येतं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा आला, प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. तुमचा प्रकल्प कंपनीच्याच डेटावर करता येतो का, हे पहिल्याच वर्षी ठरवून ठेवा. त्यासाठी कंपनीची गोपनीयतेची परवानगी लागते आणि ती मिळायलाही वेळ जातो.

तीन आठवड्यांच्या मुदतीचं काय? असे अभ्यासक्रम वर्षातून एकदा किंवा दोनदा पुन्हा सुरू होतात. मुदत संस्थेची आहे, तुमच्या आयुष्याची नाही. प्रवेश घेऊन सुरुवात पुढच्या तुकडीपासून करता येते का, हेही विचारा, काही ठिकाणी चालतं. ‘आता नाही तर कधीच नाही’ यात मुलीच्या वयाचा विचार असेल, तर मी उलट बाजूही दाखवीन : चार वर्षांच्या मुलीच्या आईपेक्षा सहा वर्षांच्या मुलीच्या आईला संध्याकाळी सलग तास मिळणं सहसा सोपं जातं.

म्हणून माझं स्पष्ट मत : या खेपेला अर्ज भरू नका. त्याऐवजी पुढचे सहा महिने ठरवून वापरा. साहेबांशी बोलणं आणि ३० जाहिराती, हे पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतर आठ आठवडे वर सांगितलेल्या आखणीने गणिताची उजळणी करा आणि प्रत्यक्ष बसलेले तास रोज लिहा, मनातले नको. आठवड्याची सरासरी १२ च्या खाली आली, तर दोन वर्षांचा बेत सोडा आणि चार वर्षांचा आखा. पुढच्या महिन्यांत एकच सुटा विषय घ्या, शक्यतो ज्याचे क्रेडिट नंतर मास्टर्समध्ये मोजले जातील असा. एमआयटीने २०१५ मध्ये मायक्रोमास्टर्स (मास्टर्सच्या काही विषयांचा छोटा ऑनलाइन संच) जाहीर केले तेव्हापासून अशी सोय अनेक विद्यापीठांनी दिली आहे. फक्त कोणतं विद्यापीठ ते क्रेडिट कुठे धरतं हे आधी पक्कं करा, नाहीतर प्रमाणपत्र हातात राहतं आणि क्रेडिट हवेत. याच काळात ऑफिसमधला एक खरा प्रश्न अंगावर घ्या : दोषयुक्त मालाचं प्रमाण कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर वाढतं, किंवा सुटे भाग किती आधी मागवावेत. प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि ‘म्हणून आपण हे करावं’ अशी शिफारस, एवढं पाच पानांत लिहा आणि स्वतः उभं राहून मांडा. साहेबांच्या मनातलं न सांगितलेलं कारण जर हे असेल, तर त्याचं उत्तर त्यांना इथे मिळेल.

एक अपवाद. शिकण्याची ओढ हेच तुमचं खरं कारण असेल, बढती मिळो न मिळो हा विषय तुम्हाला खोलात जाऊन शिकायचाच असेल, तर परतफेडीचे महिने मोजत बसू नका. ते कारण पुरेसं आहे. तासांचा हिशोब मात्र तरीही करावा लागेल. आणि त्या कारणासाठी शिकणार असाल तर शक्यतो कंपनीचे पैसे घेऊ नका. हळू करा, एकेक विषय, स्वतःच्या पैशांनी.

यानंतरही कंपनीच्या मदतीने करायचं ठरलं, तर करारावर सही करण्यापूर्वी इतकं पाहा. ३ वर्षं शिक्षण संपल्यापासून मोजणार की प्रत्येक हप्ता दिल्यापासून? लवकर सोडल्यास पूर्ण रक्कम परत द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? प्रमाणातच असायला हवी : ३६ पैकी २४ महिने भरले असतील तर एक तृतीयांश. कंपनीने तुम्हाला काढलं, विभाग बंद झाला किंवा दुसऱ्या गावी बदली केली, तर परतफेड माफ असं स्पष्ट लिहून घ्या. नापास झाल्यास, एखादं सत्र थांबल्यास, बाळंतपण किंवा आजारपण आल्यास काय, तेही. परीक्षेच्या रजा पगारी आहेत की नाहीत? आणि ज्या पदासाठी तुमचा विचार होईल असं साहेब म्हणतील, त्या पदाचं नाव आणि साधारण कालावधी निदान ईमेलवर मागा : ‘आपल्या बोलण्यानुसार मी असं समजले आहे, बरोबर ना?’ एवढी एक ओळ पुरते. त्या ईमेलला उत्तर येईपर्यंत सही करू नका.